सुरक्षा कॅमेरा : श्रेणी व रात्रीचे चित्रण

ठरावीक जागेवर अखंड नजर ठेवून दृश्य दूरच्या पडद्यावर दाखवणारा वा साठवणारा कॅमेरा. रोजच्या बोलण्यात ‘सीसीटीव्ही’. याच्या सुरुवातीच्या वापरांपैकी एक १९४२ मध्ये जर्मनीतील पेनेम्युंडे येथे, व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहण्यासाठी झाला.

श्रेणी : स्वीडनच्या ॲक्सिसच्या एम, पी, क्यू, चीनच्या दाहुआच्या लाइट, प्रो, अल्ट्रा. प्रत्येक कंपनीची उतरंड तिच्यापुरती असते, त्यामुळे एकीचा ‘प्रो’ दुसरीच्या ‘प्रो’शी ताडून पाहण्यात अर्थ नाही. बाहेरून बहुतेक सारखीच पांढरी नळकांडी. फरक पोटात असतो आणि तो उजेडी फारसा कळत नाही. दुकानदार वेगळीच विभागणी करतो : डीव्हीआरवर (ॲनालॉग कॅमेऱ्यांचा चित्रमुद्रक) चालणारे आणि एनव्हीआरवर (नेटवर्क कॅमेऱ्यांचा चित्रमुद्रक) चालणारे.

रात्रीचे चित्रण : भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, पौर्णिमेचे चांदणे जेमतेम पाव लक्स. खोक्यावर मात्र ‘० लक्स’ असे दिमाखात छापलेले आढळते. त्याचा अर्थ एवढाच की कॅमेऱ्याने स्वतःचे अवरक्त (आयआर) दिवे लावले आहेत. ‘०.००५ लक्स’ हा आकडाही कोणत्या भिंगावर व किती शटरवर मोजला, हे सांगितल्याखेरीज निरुपयोगी. शटर एक तृतीयांश सेकंद उघडे ठेवले तर अंधारी गल्लीही उजळ दिसते, पण तेवढ्या वेळात चालता माणूस जवळजवळ अर्धा मीटर पुढे सरकतो आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट पट्टा उरतो. स्थिर चित्रावरून कॅमेरा पसंत करणारे गिऱ्हाईक इथेच फसते.

मेगापिक्सेलचे वेड हा दुसरा सापळा. सोनीचे १/२.८ इंची दोन सेन्सर घ्यावेत : २ मेगापिक्सेलच्या आयएमएक्स ३२७ मध्ये प्रत्येक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, तर ८ मेगापिक्सेलच्या आयएमएक्स ४१५ मध्ये १.४५ मायक्रॉनचा. म्हणजे दुसऱ्यातील प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला चौथाई क्षेत्रफळ, म्हणून प्रकाशही कमी. वरच्या श्रेणीत १/१.८ इंच किंवा त्याहून मोठा सेन्सर देतात. जादा पैसे मोजावेत ते यासाठी.

भिंगाचेही तसेच. एफ २.० पेक्षा एफ १.० चौपट प्रकाश आत घेते. हिकव्हिजन कंपनीची ‘कलरव्ह्यू’ मालिका याच जोरावर, सोबत पांढरा दिवा लावून, रात्रीही रंगीत चित्र देते. मात्र एवढ्या उघड्या भिंगात जवळचे व दूरचे एकाच वेळी रेखीव येत नाही. ॲक्सिसचे ‘लाइटफाइंडर’, हिकव्हिजनचे ‘डार्कफायटर’ आणि दाहुआचे ‘स्टारलाइट’ ही नावे प्रामुख्याने उपलब्ध उजेडावर काम भागवणाऱ्या तंत्रांची आहेत.

अवरक्त चित्र कृष्णधवल असते. काळोख पडताच ‘टिक्’ असा आवाज येतो, तो सेन्सरपुढचा, अवरक्त किरण अडवणारा गाळक बाजूला सरकल्याचा. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचे लालसर ठिपके चोरालाही दिसतात. ९४० चे दिसत नाहीत, पण त्यांची मजल तोकडी. या प्रकाशात काही काळे कापड चक्क पांढरट उमटते, तेव्हा ‘संशयिताने फिकट शर्ट घातला होता’ असे पंचनाम्यात लिहिण्यापूर्वी कॅमेरा कोणत्या अवस्थेत होता ते पाहिलेले बरे.

ओळख : आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी व्यक्तीची ओळख पटण्यासाठी दृश्यात दर मीटरला २५० पिक्सेल, परिचिताला ओळखण्यासाठी १२५, नुसती चाहूल लागण्यासाठी २५ पुरतात. फाटकावरच्या एकाच कॅमेऱ्याने अख्खे आवार पाहू इच्छिणाऱ्या सोसायट्या बहुधा शेवटच्या आकड्यावर असतात.

कायदा : परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी पोलीस ठाण्यांत रात्री चित्रण करणारे, आवाजही टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. कॅमेऱ्यांमुळे गुन्हे किती घटतात, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही.

आकार : बुलेट (नळकांड्यासारखा), डोम (घुमटासारखा), फिरता (पीटीझेड).

देखभाल : आयआर दिव्यांभोवती किडे, किड्यांमागे कोळी. भिंगासमोरचे जाळे रात्री पांढऱ्या दोरखंडासारखे चमकते आणि हालचाल ओळखणारी यंत्रणा पहाटेपर्यंत खोट्या सूचना पाठवत राहते. लांब दांड्याचा कुंचा पुरतो.