संमिश्र इलेक्ट्रॉनीय घड्याळ

फिरते काटे आणि स्पर्शसंवेदी अंकीय दर्शक ही दोन्ही साधने ज्यात एकाच इलेक्ट्रॉनीय मंडलाच्या नियंत्रणाखाली असतात, अशा मनगटी घड्याळास संमिश्र इलेक्ट्रॉनीय घड्याळ म्हणतात. काट्यांवरून वेळ एका दृष्टिक्षेपात कळते, तर अंकांवरून नेमके मूल्य वाचता येते. मात्र हे दोन्ही गुण एका लहान तबकडीवर आणताना काट्यांमुळे दर्शकाचा काही भाग झाकला जातो. ही अडचण दूर करण्याचे प्रयत्न हाच या घड्याळाच्या आराखड्याच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.

पूर्वपीठिका : २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सायको कंपनीने ‘क्वॉर्ट्‌झ ॲस्ट्रॉन’ हे क्वॉर्ट्‌झ स्फटिकावर चालणारे मनगटी घड्याळ टोकिओत विक्रीस आणले. त्यात काटेच होते. स्फटिकाच्या आंदोलनांची कंप्रता विभागून मिळणाऱ्या स्पंदांनी एक छोटी मोटर टप्प्याटप्प्याने फिरे व काटे पुढे सरकत. अशा मोटरीचे मूळ फ्रेंच अभियंते मारियुस लाव्हे यांच्या १९३६ च्या एकस्वात सापडते. पुढे ३२,७६८ हर्ट्‌झ ही कंप्रता रूढ झाली. ती पंधरा वेळा निम्मी केली असता दर सेकंदास एक स्पंद मिळतो.

१९७२ मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीचे ‘पल्सर’ हे काटे नसलेले घड्याळ विक्रीस आले. त्यातील तांबडे प्रकाशमान अंक इतकी वीज घेत की, वेळ पाहण्यासाठी कळ दाबावी लागे. १९७३ मध्ये सायकोने द्रव स्फटिक दर्शक असलेले सहा अंकी घड्याळ आणले. त्यास अत्यल्प वीज लागत असल्याने अंक सतत दिसू शकले. क्वॉर्ट्‌झ घड्याळांच्या या प्रसाराचा स्वित्झर्लंडमधील पारंपरिक उद्योगास जबर फटका बसला. तेथील घड्याळ कामगारांची संख्या १९७० मध्ये सु. ९०,००० होती, ती १९८५ च्या सुमारास ३०,००० च्या आसपास आली. त्यामुळे काट्यांना पुन्हा काय काम द्यावे, हा प्रश्न तेथे केवळ सौंदर्याचा उरला नाही.

काटे व अंक शेजारी शेजारी : १९७६ मध्ये ओमेगा कंपनीच्या ‘क्रोनो-क्वॉर्ट्‌झ’ घड्याळात एकाच स्फटिकावर काटे आणि कालमापनाचा द्रव स्फटिक दर्शक असे दोन्ही चालविण्यात आले. काटे व दर्शक यांना वेगळ्या जागा दिल्यामुळे झाकले जाण्याचा प्रश्न टळला. परंतु घड्याळ रुंद झाले. एका पेटीत जणू दोन घड्याळे, असेच या रचनेचे स्वरूप राहिले.

स्पर्शसंवेदी काच : काचेच्या आतील बाजूस पारदर्शक संवाहक थराचे पट्टे बसविलेले असतात. बोट जवळ येताच त्या ठिकाणची विद्युत् भार साठविण्याची क्षमता बदलते व स्पर्शाचे स्थान मंडलास कळते. पाण्याच्या थेंबानेही असा बदल होऊ शकत असल्याने काच सतत जागी ठेवणे इष्ट नसते.

१९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या टिसो कंपनीने ‘टी-टच’ हे घड्याळ सादर केले. त्यात कळ दाबून काच कार्यान्वित केली जाई व कडेच्या ठरावीक जागी बोट ठेवून उंची, हवामान, दिशा, तापमान, गजर किंवा कालमापन यांपैकी एक कार्य निवडता येई. काटे स्वतंत्रपणे व दोन्ही दिशांना फिरत असल्याने होकायंत्राच्या कार्यात ते एका सरळ रेषेत येत आणि मिनिट काटा उत्तर दिशा दाखवी. येथे काटा केवळ वेळ दाखविणारा न राहता मंडलाच्या आज्ञेने कोणतीही राशी दर्शविणारा निर्देशक बनला. या विकासातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय.

मात्र साध्या टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटरीस काट्याची खरी स्थिती ‘ठाऊक’ नसते. मंडल केवळ पाठविलेले स्पंद मोजते. जोराचा धक्का बसून एखादा टप्पा चुकल्यास काटा व मंडल यांचा मेळ तुटतो. म्हणून काटे शून्य स्थितीस आणून जुळविण्याची सोय ठेवावी लागते किंवा चाकातील छिद्रातून प्रकाश पाठवून स्थिती तपासावी लागते. मोटरीतील चुंबकाचा होकायंत्राच्या संवेदकावर होणारा परिणामही हिशेबात घ्यावा लागतो.

पडद्यावरील काटे : २०१७ मध्ये गार्मिन कंपनीच्या ‘व्हिवोमूव्ह एचआर’ या घड्याळात तबकडीतच लपलेला स्पर्शपडदा होता, तो वापरताना काटे आपोआप बाजूस सरत. २०१८ मध्ये एलजी कंपनीच्या ‘वॉच डब्ल्यू-७’ मध्ये पूर्ण रंगीत वर्तुळाकार पडद्याच्या मध्यातून काट्यांचा आस काढण्यात आला. मजकूर वाचण्यासाठी काटे आडवे करता येत. तरी ते पडद्यावरच राहत. या घड्याळात हृदयस्पंदनमापक व उपग्रहाधारित स्थाननिर्देशक नव्हते.

मूल्यमापन : रंगीत पडद्यास काट्यांच्या मोटरीपेक्षा कितीतरी पट अधिक वीज लागते. त्यामुळे मंडलाची रचना अशी करणे हितावह ठरते की, पडदा बंद पडला, तरी उरलेल्या अल्प विजेवर काटे चालत राहावेत. अंकीय दर्शकाने कालबाह्य ठरविल्यासारखा भासलेला काटा या घड्याळात टिकून राहिला, तो केवळ परंपरेच्या ओढीने नव्हे. कमी विजेत, सतत आणि पाहताक्षणी अर्थ सांगण्याच्या त्याच्या गुणामुळे.