स्वस्त रोलची साक्ष

जुन्या कॅमेऱ्याच्या चाचणीसाठी स्वस्तातला कृष्णधवल रोल घालावा, हा सल्ला योग्यच आहे. पण ‘वाया गेला तरी हळहळ नको’ हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण अपुरे आहे. चाचणीत कॅमेरा संशयित असतो, म्हणून साक्षीला उभी राहणारी फिल्म तरी भरवशाची हवी. ३५ मिलिमीटर फिल्मच्या इतिहासात स्वस्ताई आणि भरवसा या दोन्हींचे मूळ एकच आहे : सिनेमासाठी ही फिल्म मैलोगणती बनत होती आणि छायाचित्रकार तिच्यातला तुकडा उचलत होता.

वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बर्नाकने १९१४च्या सुमारास छोटा कॅमेरा घडवला, तेव्हा हाताशी असलेली सिनेफिल्मच घेतली आणि सिनेमाची १८ × २४ मि.मी.ची चौकट दुप्पट करून २४ × ३६ केली. सिनेफिल्मचे एक्स्पोजर तपासण्यासाठीच तो कॅमेरा बनवला, असेही सांगतात. १९२५ साली तो ‘लाइका’ नावाने बाजारात आला, तरी लोक अंधारात पट्टी कापून कॅसेट स्वतः भरत. तयार भरलेली कॅसेट कोडॅकने १९३४ साली रेटिना कॅमेऱ्याबरोबर आणली. डी-७६ हे डेव्हलपरही १९२०च्या दशकात सिनेमाच्या निगेटिव्हसाठीच तयार झाले, आणि १९५९ची डबल-एक्स ही सिनेफिल्म आजही फोटोंसाठी वापरली जाते. आजच्या स्वस्त फिल्म, म्हणजे चेक प्रजासत्ताकातली फोमापॅन किंवा इंग्लंडमधली केंटमियर, सिनेमाच्या नाहीत. पण वळण तेच जुने, आणि त्याच डी-७६मध्ये २० अंशांवर घरी धुता येतात.

मग कपाटात पडलेला मुदतबाह्य रोल तर फुकटच आहे, असे कोणी म्हणेल. उटीच्या, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ अजून कुठेकुठे सापडतो. पण शिळ्या फिल्मवर धुरकट झाक चढते, आणि मग निगेटिव्हवरचा काळा पट्टा कॅमेऱ्याच्या फटीतून आला की फिल्मच्या वयातून, हे सांगता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : कृष्णधवल निगेटिव्ह एखाद्या स्टॉपची चूक सहज पोटात घालते, स्लाइड फिल्म घालत नाही, मग मंदावलेले शटर पकडायचे कसे? एका फोटोवरून ते पकडता येणार नाहीच. पण एकाच भिंतीचे फोटो, शटरचा वेग आणि अॅपर्चर जोडीने बदलत, ओळीने घेतले तर सगळ्या चौकटी सारख्याच दाट यायला हव्यात. एखादी अधिक काळी आली, तर त्या वेगाला शटर रेंगाळते. चौकटीबाहेर, कडेच्या भोकांपर्यंत डाग पसरला असेल, तर प्रकाश आत झिरपतो. हे सगळे वाचायला प्रिंटही लागत नाही, ओली निगेटिव्ह पुरते. इतकेच काय, ३६ फोटोंचा पूर्ण रोलही नको : शंभर फुटी रिळातून बारा चौकटींची पट्टी अंधारात कापून कॅसेटमध्ये भरली की झाले, लाइकाचे पहिले मालक भरत तशीच.