टोटोरोच्या टेकड्या

टोकियोच्या पश्चिमेला, साइतामा प्रांताच्या सीमेवर सायामा नावाच्या टेकड्या आहेत. लांबी सुमारे ११ किलोमीटर, रुंदी ४ किलोमीटर, क्षेत्र साधारण ३,५०० हेक्टर. त्यांच्या दक्षिणेला तामा नदी ओलांडली की तामा टेकड्या लागतात. उंचीने दोन्ही किरकोळच; सह्याद्री पाहिलेला माणूस त्यांना टेकड्या म्हणतानाही जरा थबकेल. पण लहान मुलांच्या अ‍ॅनिमेशनपटांतून पर्यावरणाची गोष्ट कशी सांगितली गेली, याचा जपानमधला इतिहास त्यांना वगळून सांगता येत नाही. हायाओ मियाझाकी यांचा ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) सायामाच्या परिसरावर बेतलेला आहे आणि इसाओ ताकाहाता यांचा ‘पोम पोको’ (१९९४) तामा टेकड्यांवर घडतो. दोन्ही चित्रपट स्टुडिओ घिबलीचे.

या टेकड्यांवरचे रान कधीच अस्पर्श नव्हते. गावाला लागून असलेल्या अशा वापरातल्या रानाला जपानमध्ये सातोयामा म्हणतात. कुनुगी आणि कोनारा या ओकच्या दोन जाती इथल्या मुख्य झाडांपैकी. पंधरा-वीस वर्षांची झाली की शेतकरी ती बुंध्यापासून तोडत. खोडाला पुन्हा धुमारे फुटत आणि तितक्याच वर्षांनी पुढची तोड निघे. लाकडाचे सरपण आणि कोळसा होई, हिवाळ्यात गोळा केलेल्या पानांचे खत. सायामाच्या ईशान्येला असलेल्या सांतोमे भागात तर या हिशेबानेच जमिनीची आखणी झाली होती. १६९६ मध्ये कावागोएच्या सरदाराने तिथे नवी गावे वसवली, तेव्हा प्रत्येक कुटुंबाला एक लांबट पट्टा मिळाला: रस्त्याकडेला घर, मागे शेत आणि शेताच्या मागे पानांसाठी राखलेले रान. मुसाशिनो पठारावरच्या या पालापाचोळ्याच्या शेतीला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा ठरवले. थोडक्यात, हे रान कुऱ्हाडीवर जगलेले होते. पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा हिशेब मोडला. स्वयंपाकघरात गॅस आला, शेतात रासायनिक खत आले आणि रानाची गरज संपली. ज्या जमिनीचे उत्पन्न नाही पण भाव रोज चढतो, ती टोकियोच्या वेशीवर किती दिवस टिकणार? तामा टेकड्यांवर १९६५ साली तामा न्यू टाउनचा आराखडा मंजूर झाला: जवळपास ३,००० हेक्टर क्षेत्र, सुमारे तीन लाख रहिवासी. माथे कापून दऱ्या भरल्या गेल्या आणि १९७१ मध्ये पहिली कुटुंबे राहायला आली. सायामाचे नशीब थोडे बरे निघाले, आणि त्याचे कारण निसर्गप्रेम नव्हते. टोकियोच्या पाणीपुरवठ्यासाठी १९२७ ते १९३४ च्या दरम्यान टेकड्यांच्या मधोमध मुरायामा आणि यामागुची हे जलाशय पूर्ण झाले होते. त्यासाठी वाड्या बुडाल्या, पण जलाशयांभोवतीचे रान राखीव झाले. कडांना मात्र असे संरक्षण नव्हते. १९७९ मध्ये तिथे बेसबॉलचे मोठे मैदान उभे राहिले, १९८७ मध्ये वासेदा विद्यापीठाची शाखा सुरू झाली आणि नव्या वसाहती वर सरकत राहिल्या.

याच सुमारास मियाझाकी सायामाच्या उत्तरेला, तोकोरोझावा शहरात राहत होते. सासुके नाकाओ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लेखनाने त्यांची दृष्टी बदलली. हिमालयाच्या पायथ्यापासून युनानमार्गे पश्चिम जपानपर्यंत सदाहरित चकचकीत पानांच्या जंगलाचा एकच पट्टा आहे आणि त्या पट्ट्यातल्या लोकांच्या अन्नात व चालीरीतींत साम्य आहे, असे नाकाओंचे प्रतिपादन होते. देशाभिमानाच्या युद्धकालीन भाषेला विटलेल्या पिढीला जपानच्या मातीवर प्रेम करण्याची ही एक वेगळी वाट सापडली. मियाझाकींच्या ‘नौसिका’मागे (१९८४) मिनामाता उपसागरातल्या पाऱ्याच्या प्रदूषणाची आठवण होती, पण तो चिमुरड्यांचा चित्रपट नव्हे. ‘नौसिका’च्या कमाईतून एक अनपेक्षित काम मात्र निघाले. ताकाहातांनी क्यूशू बेटावरच्या यानागावा गावातले तुंबलेले कालवे गावकऱ्यांनी पुन्हा कसे वाहते केले, यावर १९८७ मध्ये माहितीपट केला. निसर्ग जपायचा म्हणजे माणसाला त्यातून हाकलायचे नाही, गाळ उपसायला त्यालाच चिखलात उतरवायचे, हा ताकाहातांचा विचार तिथे पक्का झाला. ‘ओन्ली यस्टरडे’ (१९९१) मधला शेतकरी तरुण शहरी नायिकेला हेच सांगतो: समोर दिसणारे रान, ओढे, शेते हे सारे माणसांनी घडवलेले आहे.

‘टोटोरो’ १६ एप्रिल १९८८ रोजी ताकाहातांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’बरोबर एकाच तिकिटात दाखवला गेला. भुकेने मरणाऱ्या भावंडांची युद्धकथा आणि हा बालचित्रपट, अशी ती विचित्र जोडी होती. १९५०च्या दशकातले गाव, इस्पितळात असलेली आई, थोरली मुलगी सात्सुकी आणि तिची चार वर्षांची बहीण मेइ. चित्रपटात खलनायक नाही, बुलडोझर नाही, धोक्यात आलेले जंगलही नाही. उपदेशाच्या जवळ जाणारे एकच स्थळ आहे: कापराच्या प्रचंड झाडापुढे मुलींचा बाप, झाडे आणि माणसे पूर्वी एकमेकांची मित्र होती, असे सांगतो आणि तिघे वाकून झाडाचे आभार मानतात. त्या झाडाला भाताच्या पेंढ्याचा पवित्र दोर बांधलेला आहे. कोकणातली देवराई ज्याने पाहिली आहे त्याला याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. बाकी सारे काम चित्रांवर सोपवलेले आहे. कलादिग्दर्शक काझुओ ओगा यांनी चिखलाच्या वाटा, बांधावरचे गवत आणि दिवसाच्या प्रत्येक प्रहराचा वेगळा उजेड अशा तपशिलाने रंगवला की पार्श्वभूमी हीच एक पात्र झाली. मेइ तळ नसलेल्या बादलीतून पाहते, बेडकांची पिल्ले न्याहाळते, वाटेवर पडलेली ओकची फळे वेचते. टोटोरोने दिलेल्या बिया मुली अंगणात पेरतात. रात्री स्वप्नात त्यांचे आभाळाएवढे झाड होते, सकाळी ते नसते, पण मातीतून कोंब खरेच वर आलेले असतात. लहान मुलांच्या चित्रपटांत निसर्गाविषयी याहून नेमके दृश्य क्वचितच आढळेल. स्थळांची नावेही हवेतली नाहीत. मात्सुगो हा तोकोरोझावाचा खराच भाग आहे आणि आईचे इस्पितळ असलेल्या ‘सात प्रांतांच्या डोंगरा’च्या नावामागे सायामाची ‘आठ प्रांतांचा डोंगर’ नावाची टेकडी आहे.

पहिल्या खेपेला गल्ला बेताचाच जमला. मुलांच्या घरात टोटोरो शिरला तो दूरदर्शन संचावरून आणि कापडी बाहुल्यांतून. सायामाच्या कडा वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या स्थानिक मंडळींनी हे हेरले. लोकवर्गणीतून जमीन विकत घेऊन ती कायमची राखण्याची, इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टची पद्धत जपानमध्ये १९६४ साली कामाकुरात आली होती. १९९० मध्ये सायामाच्या कार्यकर्त्यांनी तिला मियाझाकींच्या संमतीने टोटोरोचे नाव आणि चित्र जोडले. ‘टोटोरोचे माहेर’ अशा अर्थाच्या या निधीने १९९१ मध्ये ‘टोटोरोचे रान क्रमांक १’ विकत घेतले: १,१८३ चौरस मीटर, म्हणजे एकराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. २००८ मध्ये पिक्सारमधल्या चित्रकारांनी पुढाकार घेऊन जगभरच्या दोनशेहून अधिक कलावंतांची चित्रे या निधीसाठी लिलावात विकली. क्रमांक आता साठीपलीकडे गेले आहेत, पण बहुतेक तुकडे लहान आणि विखुरलेले. जमीन बऱ्याचदा मालकाच्या मृत्यूनंतर, वारसा कर भरण्यासाठी वारस विकायला काढतात तेव्हाच मिळते.

तामात मात्र वाचवण्यासारखे फार उरले नव्हते, म्हणून ‘पोम पोको’ ही शोककथा झाली, भलेही ती विनोदाच्या अंगाने जाणारी असो. तानुकी हा कुत्र्याच्या कुळातला गुबगुबीत निशाचर. पान डोक्यावर ठेवून तो हवे ते रूप घेतो, अशी जपानी लोककथांची श्रद्धा आहे. ताकाहातांचे तानुकी त्याच विद्येने न्यू टाउनच्या बांधकामाशी लढतात, मजुरांना भेडसावतात आणि भुतांची भव्य मिरवणूक काढतात. त्या मिरवणुकीचे श्रेय एक करमणूक उद्यानवाला स्वतःकडे घेतो. हरल्यावर ते उरलीसुरली शक्ती एकवटून काही क्षण जुन्या तामाचा देखावा उभा करतात. पुढे ज्यांना जमते ते माणसांच्या रूपात नोकरीला लागतात, उरलेले गोल्फच्या मैदानाच्या आडोशाला राहतात. शेवटी एक तानुकी थेट प्रेक्षकाकडे वळून बोलतो. कलेच्या दृष्टीने ही जागा ‘टोटोरो’पेक्षा उणी आहे, पण ताकाहातांना सूचकतेवर विसंबायचे नव्हते. त्या वर्षी जपानी चित्रपटांत सर्वाधिक कमाई ‘पोम पोको’ने केली. पुढच्याच वर्षी योशिफुमी कोंदो यांच्या ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ने त्याच तामाच्या वसाहतीत वाढलेली शाळकरी मुलगी नायिका केली. एका प्रसिद्ध अमेरिकी गाण्याचे विडंबन करून ती ‘काँक्रीट रोड’ रचते. जी घरे तानुकींवर चालून आली, त्यांतल्या पिढीची ती माहेरची जागा होती.

सायामात निधीचे स्वयंसेवक आज जे काम करतात, ते चित्रपट पाहून आलेल्या मुलांना बुचकळ्यात टाकणारे आहे: ते झाडे तोडतात. तोड थांबल्यावर ओक अवाढव्य वाढले, खाली बांबू माजला, उजेड जमिनीपर्यंत पोहोचेना आणि वसंतात फुलणाऱ्या लहान वनस्पती मागे हटल्या. जून खोडांना एक किडा पोखरतो, त्याच्याबरोबर शिरलेल्या बुरशीने झाड वाळते. हा रोग अलीकडे टोकियोच्या आसपासच्या टेकड्यांवरही पसरला. शिवाय जून बुंध्याला तरुण बुंध्याइतके धुमारे फुटत नाहीत, त्यामुळे उशिरा केलेली तोड वाया जाऊ शकते. म्हणून तुकड्या-तुकड्याने जुनी झाडे उतरवली जातात, बांबू छाटला जातो, पाने गोळा होतात आणि जिथे धुमारा येत नाही तिथे ओकची फळे रुजवून केलेली रोपे लावली जातात.