गूढ शब्दकोडे आणि स्पष्टीकरणाचा अधिकार : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शब्दकोडे हा वृत्तपत्राच्या कोपऱ्यातील फावल्या वेळेचा विरंगुळा समजला जातो. त्यामुळे सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकांचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तथापि, इंग्लंडमध्ये दोन महायुद्धांच्या दरम्यान आकाराला आलेले 'क्रिप्टिक क्रॉसवर्ड', म्हणजेच गूढ शब्दकोडे, या दृष्टीने अपवाद ठरावे. साध्या शब्दकोड्यात संकेत म्हणून प्रतिशब्द दिलेला असतो. योग्य शब्द आठवला आणि तो चौकटीत बसला की काम संपते. गूढ शब्दकोड्यात मात्र उत्तर सापडल्यानंतरही एक प्रश्न उरतो : हेच उत्तर का? या प्रश्नाला उत्तर असलेच पाहिजे आणि ते संकेतातच असले पाहिजे, ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. परंतु ती प्रारंभापासून मान्य नव्हती. ती कशी रुजली, कोणी रुजवली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अमेरिकेतून इंग्लंडकडे

आधुनिक शब्दकोड्याचे जनकत्व आर्थर विन यांच्याकडे जाते. मूळचे लिव्हरपूलचे असलेले विन 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात काम करीत होते. त्यांनी रचलेले समभुज चौकोनी आकाराचे 'वर्ड-क्रॉस' २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारच्या पुरवणीत प्रसिद्ध झाले. १९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या प्रकाशनसंस्थेने शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले आणि अमेरिकेत या छंदाची लाट उसळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'संडे एक्सप्रेस'ने तो इंग्लंडात आणला. लंडनच्या 'द टाइम्स'ने १९२४ मध्ये या अमेरिकी वेडाची संभावना तुच्छतेने केली होती. पुढे त्याच वृत्तपत्राला १ फेब्रुवारी १९३० पासून स्वतःचे दैनिक कोडे सुरू करावे लागले. त्याचे पहिले रचनाकार एड्रियन बेल होते. 'डेली टेलिग्राफ'ने त्यापूर्वीच, १९२५ मध्ये, हे सदर सुरू केले होते.

इंग्लंडमध्ये आल्यावर शब्दकोड्याचे स्वरूप पालटले. श्लेष, अक्षरांची उलथापालथ आणि शब्दांची फोड हे जुने शब्दखेळ संकेतांमध्ये शिरले. प्रतिशब्द शोधण्याच्या स्मरणपरीक्षेचे रूपांतर वाक्य उलगडण्याच्या तर्कपरीक्षेत होऊ लागले.

गूढ संकेताची घडण

गूढ संकेताचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराची व्याख्या असते. दुसऱ्या भागात ते उत्तर अक्षरांपासून कसे घडवावे याची कृती असते. व्याख्या संकेताच्या आरंभी किंवा अखेरीस येते. दोन्ही भाग मिळून एक सरळ दिसणारे वाक्य तयार होते आणि तेच वाचकाला चकवते. विवेचनासाठी येथे मराठीत रचलेली काही उदाहरणे घेता येतील. कंसातील आकडा उत्तरातील अक्षरसंख्या दाखवतो.

'कमल विसकटले की होते लेखणी' (३). येथे 'लेखणी' ही व्याख्या आहे, 'कमल' ही सामग्री आहे आणि 'विसकटले' हा त्या अक्षरांचा क्रम बदलावा असे सांगणारा सूचक शब्द आहे. उत्तर 'कलम'.

'दिव्यापुढे हात धरला तर सूर्य' (४). 'दिवा' या शब्दापुढे हाताचा वाचक 'कर' ठेवला की 'दिवाकर' सिद्ध होतो.

'सरकारने घेतलेला हात' (२). यात कृती नाही, श्लेष आहे. सरकारने घेतलेला तो कर आणि हात म्हणजेही कर.

'गजरात दडलेला हत्ती' (२). 'गजर' या शब्दाच्या पोटातच 'गज' आहे.

या चारही उदाहरणांत उत्तर दोन स्वतंत्र वाटांनी मिळते आणि दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. एका वाटेने मिळालेल्या उत्तराची दुसरीने पडताळणी होते. म्हणून अचूक सोडवलेला संकेत स्वतःचा पुरावा स्वतःच देतो. दुसऱ्या दिवशी छापून येणाऱ्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.

आता पहिला संकेत थोडा बदलून 'कमलची लेखणी' असा केला तर? सामग्री आहे, व्याख्याही आहे. परंतु अक्षरे हलवावीत हे सांगणारा शब्द नाही. चतुर वाचक कदाचित 'कलम'पर्यंत पोहोचेलही, पण ते उत्तर त्याने सिद्ध केलेले नसेल, ताडलेले असेल. न्याय्य आणि अन्याय्य संकेतांमधील भेद नेमका येथे आहे. गूढ शब्दकोड्याचा पुढील इतिहास म्हणजे बव्हंशी या एका भेदावरील वादाचा इतिहास होय.

टॉर्केमाडा : गूढतेचे पर्व

संपूर्णपणे गूढ संकेतांवर आधारलेले कोडे रूढ करण्याचे श्रेय एडवर्ड पॉइस मॅथर्स (१८९२–१९३९) यांना दिले जाते. कवी आणि भाषांतरकार असलेल्या मॅथर्स यांनी १९२६ पासून मृत्यूपर्यंत 'द ऑब्झर्व्हर' या साप्ताहिकासाठी सहाशेहून अधिक कोडी रचली. भारतीय वाचकाला त्यांचा परिचय दुसऱ्या एका कारणाने असू शकतो. बिल्हणाच्या 'चौरपंचाशिका' या संस्कृत काव्याचे 'ब्लॅक मॅरिगोल्ड्स' हे त्यांचे स्वैर इंग्रजी रूपांतर १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

कोडेकार म्हणून त्यांनी 'टॉर्केमाडा' हे टोपणनाव घेतले. टॉर्केमाडा हा पंधराव्या शतकातील स्पेनच्या धर्मन्यायासनाचा कुप्रसिद्ध प्रमुख होता. नावाची निवड सूचक होती : कोडेकार छळणारा, सोडवणारा छळला जाणारा. त्यांच्या कोड्यांत विद्वत्ता, विनोद आणि कल्पकता यांची रेलचेल होती. मात्र संकेताने वाचकाला किती सांगावे याचे बंधन नव्हते. १९३४ च्या त्यांच्या कोड्यांच्या पुस्तकातील 'केन्स जॉबोन' ही शंभर पानांची रहस्यकथा पाने उलटसुलट छापून दिलेली होती आणि योग्य क्रम लावणे हे वाचकाचे काम होते. ती सोडवणारे दीर्घकाळ मोजकेच होते. टॉर्केमाडांच्या काळात कोड्याची सत्ता पूर्णतः रचणाऱ्याकडे होती.

ॲफ्रिट आणि झिमेनीझ : नियमांचे पर्व

या सत्तेला पहिली वैचारिक मर्यादा घातली ती ॲलिस्टर फर्ग्युसन रिची (१८८७–१९५४) यांनी. धर्मोपदेशक आणि वेल्स कॅथीड्रल शाळेचे मुख्याध्यापक असलेले रिची 'ॲफ्रिट' या नावाने कोडी रचत. अरबी कथांतील अफरीत या राक्षसाचे हे नाव त्यांच्या स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांतही दडलेले होते. १९४९ च्या आपल्या संग्रहात त्यांनी जे तत्त्व मांडले त्याचा आशय असा : कोडेकाराच्या वाक्याचा वरवरचा अर्थ त्याला अभिप्रेत असण्याचे कारण नाही, परंतु जे अभिप्रेत आहे ते त्या वाक्यात शब्दशः आलेले असलेच पाहिजे. फसवण्याची मुभा आहे, खोटे बोलण्याची नाही. 'कमल विसकटले' या संकेतात वाचकाची फसगत होते. 'कमलची लेखणी' या संकेतात त्याच्यापासून आवश्यक माहिती दडवली जाते.

या तत्त्वाला शास्त्राचे रूप दिले डेरिक सॉमरसेट मॅकनट (१९०२–१९७१) यांनी. 'क्राइस्ट्स हॉस्पिटल' या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे मॅकनट टॉर्केमाडांच्या निधनानंतर 'द ऑब्झर्व्हर'मध्ये आले आणि पुढे 'झिमेनीझ' या नावाने लिहू लागले. हे नावही स्पेनच्या धर्मन्यायासनाच्या एका प्रमुखाचेच होते. परंतु या धर्माधिकाऱ्याने नियम स्वतःवरच लादून घेतले. व्याख्या काटेकोर असावी, शब्दघडणीची कृती व्याकरणशुद्ध असावी आणि या दोहोंखेरीज संकेतात काहीही नसावे, असा त्यांच्या विचाराचा सारांश सांगता येईल. आडव्या-उभ्या शब्दांच्या छेदाने पडताळता न येणारी अक्षरे किती असावीत, यावरही त्यांनी मर्यादा घातली. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेले 'झिमेनीझ ऑन द आर्ट ऑफ द क्रॉसवर्ड' हे त्यांचे पुस्तक या क्षेत्रात प्रमाणग्रंथ मानले जाते.

पुस्तकाइतकेच महत्त्व त्यांच्या संकेतलेखन स्पर्धांना आहे. कोडे सोडवणाऱ्यांनी दिलेल्या शब्दासाठी स्वतः संकेत रचून पाठवावा आणि निवडक संकेतांवर झिमेनीझ यांनी पत्रकातून टिप्पणी करावी, अशी पद्धत पडली. छळला जाणारा आता रचनाकाराच्या आसनावर बसू लागला आणि निकाल कारणांसह मिळू लागला. १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी 'एझेड' या नावाने ही परंपरा पुढे नेली. स्पेनमधील डेझा या आणखी एका धर्माधिकाऱ्याचे नाव रोमन लिपीत उलटे लिहिले की हे टोपणनाव तयार होते.

युद्धकाळ : कोडे आणि गुप्तलेख

दुसऱ्या महायुद्धात शब्दकोड्याचा संबंध दोन वेळा गुप्तहेरखात्याशी आला. जानेवारी १९४२ मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने आपल्या कार्यालयात बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली. भाग घेणाऱ्यांपैकी काहींना पुढे युद्धखात्याकडून बोलावणे आले आणि त्यांची रवानगी ब्लेचली पार्क येथील गुप्तलेखन उलगडणाऱ्या केंद्रात झाली.

दुसरा प्रसंग १९४४ चा. नॉर्मंडीवरील स्वारीच्या अगोदर, मे महिन्यात व जूनच्या प्रारंभी, याच वृत्तपत्राच्या कोड्यांत 'युटा', 'ओमाहा', 'ओव्हरलॉर्ड', 'मलबेरी' आणि 'नेपच्यून' अशी उत्तरे आली. हे सर्व त्या मोहिमेतील सांकेतिक शब्द होते. कोडेकार लिओनार्ड डॉ हे एका शाळेचे मुख्याध्यापक होते. गुप्तहेरखात्याने त्यांची कसून चौकशी केली, परंतु हेरगिरीचा पुरावा मिळाला नाही. कोड्याच्या चौकटीत शब्द भरण्याचे काम डॉ विद्यार्थ्यांना देत आणि आपण जवळच्या छावणीतील सैनिकांकडून ऐकलेले शब्द त्यात भरले होते, असे त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने १९८४ मध्ये सांगितले.

हा प्रसंग केवळ रंजक नाही. गुप्तलेख एकाला कळावा आणि इतरांना कळू नये यासाठी असतो. गूढ कोडे मात्र प्रयत्न करणाऱ्या कोणालाही कळावे यासाठीच गूढ केलेले असते. संकेतातून 'ओव्हरलॉर्ड' हे उत्तर का निघते, हे डॉ सहज सिद्ध करू शकत होते. मुळात तोच शब्द चौकटीत का आला, या प्रश्नाला मात्र कोड्याचे कोणतेही शास्त्र उत्तर देत नाही. चौकशी करणारे नेमका तोच प्रश्न विचारत होते. स्पष्टीकरणाच्या अधिकाराची ही सीमा आहे.

नियम आणि स्वातंत्र्य

झिमेनीझ यांचे नियम सर्वांनी स्वीकारले असे नाही. 'गार्डियन' या दैनिकात १९५८ पासून कोडी रचणारे धर्मोपदेशक जॉन ग्रॅहॅम (१९२१–२०१३), म्हणजेच 'ॲरॉकेरिया', यांनी व्याकरणाच्या काटेकोरपणापेक्षा कल्पकतेला अधिक वाव दिला. वाचकांचे त्यांच्यावर विलक्षण प्रेम होते. जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कोड्यात त्यांनी आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाल्याचे वाचकांना कळवले. प्रस्तावनेतील वाक्यात रोगाच्या नावाऐवजी संकेतांचे क्रमांक होते; एकेक उत्तर भरत गेल्यावर ते वाक्य पूर्ण होत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. अशी वार्ता कोड्यातून देता आली, कारण नियमांबाबत उदार असलेल्या या कोडेकारावर वाचकांचा विश्वास होता : जे लिहिले आहे ते आपल्याला उलगडेल आणि उलगडल्यावर तेच खरे असेल.

भारतीय संदर्भ

भारतात इंग्रजी गूढ कोड्याला चेन्नईच्या 'द हिंदू'ने १९७१ पासून स्थान दिले. त्याच्या आरंभीच्या भारतीय रचनाकारांमध्ये भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख ॲडमिरल रामदास कटारी यांचा समावेश होतो. भारतीय परंपरेला कूटरचना नवीन नव्हती. दंडीने 'काव्यादर्शा'च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पूर्वाचार्यांनी सदोष प्रहेलिकाही सांगितल्या होत्या, असे नमूद करून ज्यांना लक्षण नाही त्या सदोष, असा निर्वाळा त्याने दिला आहे. दंडी आणि झिमेनीझ यांच्यात ऐतिहासिक संबंध काहीही नाही. तरीही कूटरचना नियमाने बांधलेली असावी हा आग्रह दोघांत समान आहे.

देवनागरीत मात्र गूढ संकेताची रचना वेगळी होते. रोमन लिपीत स्वर व व्यंजन सुटे असल्याने अक्षरे सहज हलवता येतात. देवनागरीत मात्रेसह किंवा जोडाक्षरासह संपूर्ण अक्षर हे एकक धरावे लागते. त्यामुळे उलथापालथीला वाव कमी, तर श्लेष व पदच्छेद यांना अधिक राहतो. 'मरा'चा जप करता करता 'राम' उमटल्याची वाल्मीकीची कथा ज्या भाषेत घरोघरी ठाऊक आहे, तिथे या खेळाची समज मुळातच आहे, असे म्हणता येईल.

निष्कर्ष

गूढ शब्दकोड्याच्या इतिहासात टॉर्केमाडांपासून झिमेनीझ यांच्यापर्यंत टोपणनावे छळकर्त्यांचीच राहिली, परंतु सत्तेचे स्थान बदलले. प्रारंभी उत्तर बरोबर ठरत असे ते रचनाकाराने तसे म्हटल्यामुळे; पुढे ते बरोबर ठरू लागले ते संकेतातून सिद्ध करता येत असल्यामुळे. या बदलात रिची व मॅकनट या दोन शिक्षकांचा वाटा निर्णायक होता, ही बाब लक्षणीय आहे. प्रश्न कठीण असण्यास हरकत नाही. पण त्याचे उत्तर प्रश्नातूनच सिद्ध करता आले पाहिजे आणि ते का बरोबर हे विचारण्याचा अधिकार उत्तर देणाऱ्याला असला पाहिजे. ही अट वृत्तपत्रातील कोड्याइतकीच परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेलाही लागू होते.