सत्तावन्न मिलिमीटरची गोष्ट : चेतकचे सिलिंडर आणि मोठ्या बोअरचा मोह

जुन्या बजाज चेतकच्या उजव्या फुगीर पत्र्याआड जे इंजिन दडलेले असे, त्याच्या सिलिंडरचा आतला व्यास, म्हणजे बोअर, ५७ मिलिमीटर होता. पिस्टनचा वरखाली प्रवास, म्हणजे स्ट्रोक, तोही ५७ मिलिमीटर. या दोन आकड्यांवरून हिशेब केला की क्षमता भरते १४५.४५ सीसी. महाराष्ट्राने तिला कायम ‘दीडशे सीसी’च म्हटले. साडेचार सीसींची ही उधारी कोणी कधी मोजली नाही.

हे आकडे आकुर्डीत जन्मले नव्हते. १९४६ साली इटलीत पियाज्जिओची पहिली व्हेस्पा आली, तेव्हा तिचे इंजिन ९८ सीसीचे होते : ५० बाय ५०. पुढे गरज वाढत गेली तसे ते फुगत गेले. भारतात बजाजने १९४८पासून दुचाक्या व तीनचाक्या आयात करून विकल्या, १९५९मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळवला आणि साठच्या दशकात पियाज्जिओच्या सहकार्याने दीडशे गटातली व्हेस्पा इथे तयार होऊ लागली. १९७१मध्ये तो करार संपला. १९७२मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे, रक्त मात्र इटालियनच राहिले.

इंजिन मोठे करायचे तर मार्ग दोन. स्ट्रोक वाढवायचा असेल तर क्रँकशाफ्ट बदलावा लागतो; इंजिन पुरते उघडावे लागते. बोअर वाढवायचा असेल तर केवळ सिलिंडर, पिस्टन, रिंगा आणि बहुधा हेड बदलून भागते. क्षमता व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे या दुसऱ्या मार्गाचे खरे आकर्षण. ५७चा बोअर ६३ केला तर व्यास साडेदहा टक्क्यांनी वाढतो, क्षमता मात्र सुमारे बावीस टक्क्यांनी : १७७ सीसी. युरोपात व्हेस्पासाठी प्रसिद्ध झालेली ‘१७७’ किटे म्हणजे नेमके हेच गणित.

हे गणित कारखान्यांनाही चांगलेच ठाऊक होते. मिलानजवळच्या इनोचेंतीने लँब्रेटाचा स्ट्रोक ५८ मिलिमीटरवर ठेवला आणि बोअर तेवढा बदलला. ५२चा बोअर म्हणजे १२३ सीसी, ५७चा १४८, ६२चा १७५, ६६चा १९८. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने पन्नासच्या दशकात लँब्रेटा भारतात जोडायला सुरुवात केली. इनोचेंतीने स्कूटर बंद केल्यावर तिची यंत्रसामग्री भारत सरकारच्या स्कूटर्स इंडियाने लखनौला आणली. तिथून देशी ग्राहकाला मिळाली ती दीडशे गटातली विजय सुपर. दोनशे सीसीची लँब्रेटा प्रामुख्याने निर्यातीची. एकाच छपराखाली दोन्ही बोअर होते, निवड मात्र ग्राहकाच्या हाती नव्हती.

इथे मोठ्या बोअरच्या किटांचा जन्म कुठे झाला ते पाहणे उद्बोधक ठरेल. वेगाच्या वेडाइतकेच त्याचे कारण कायद्यात आहे. इटलीत पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीला नंबरपाटी लागत नव्हती. म्हणूनच पियाज्जिओने १९६३मध्ये व्हेस्पा ५० काढली आणि शाळकरी पोरे तिच्यावर तुटून पडली. कायद्याने इंजिन लहान ठेवले, म्हणून ते गुपचूप मोठे करण्याचा बाजार उभा राहिला. बोलोन्याची मलोसी, बेर्गामो परिसरातली पोलिनी ही नावे अशा बाजारात मोठी झाली. बाहेरून गाडी पन्नासची, आतून पंचाहत्तरची.

महाराष्ट्रात असा बाजार का फोफावला नाही? परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरची बंधने हे उघड कारण. पण त्याहून मोठे कारण प्रतीक्षायादीत आहे. जी चेतक मिळण्यासाठी कुटुंबे वर्षानुवर्षे थांबत, तिच्या इंजिनावर प्रयोग करण्याची छाती कोणाची होणार? ती गाडी नवरा, बायको, पुढे उभे मूल, मागे मांडीवर दुसरे, शिवाय भाजीची पिशवी असा भार वाहत होती. तिच्याकडून वेग नव्हे, टिकाऊपणा मागितला जात होता.

तरीही बोअर वाढत होताच, फक्त वेगळ्या वाटेने. सिलिंडर झिजला की गॅरेजवाला तो लेथवाल्याकडे ‘बोअरिंग’ला पाठवी आणि ओव्हरसाइज पिस्टन बसवी : आधी पाव मिलिमीटर, मग अर्धा, पाऊण, शेवटी एक. त्यापुढे स्लीव्ह टाकून पुन्हा मूळ मापावर. आता गंमत पाहा. शेवटच्या ओव्हरसाइजला बोअर ५८चा होतो आणि क्षमता सुमारे १५०.६ सीसी. म्हणजे चेतक खऱ्या अर्थाने दीडशेची होई ती म्हातारपणी, नाना पेठेतून आणलेल्या पिस्टनच्या जोरावर.

मोठ्या किटांची निवड करताना युरोपातल्या कारागिरांपुढे जो पेच होता, तोही याच झिजेशी जोडलेला आहे. ओतीव लोखंडाचा सिलिंडर स्वस्त, पुन्हा बोअर करता येण्याजोगा. पण तो उष्णता हळू सोडतो. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन त्यात लवकर फुगतो आणि चढावर इंजिन जाम होण्याची भीती राहते. निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा दिलेला अ‍ॅल्युमिनियम सिलिंडर थंड राहतो, हलका असतो, पिस्टनला सैलपणाही कमी द्यावा लागतो. पण मुलामा खरवडला गेला तर गल्लीतल्या लेथवाल्याचे तिथे काही चालत नाही. ज्या समाजात दुरुस्ती हीच संस्कृती होती, तिथे लोखंडच शहाणपणाचे होते, असे म्हणायला हरकत नाही. शिवाय किट बसवून काम संपत नाही. क्रँककेसमधल्या वाटा आणि सिलिंडरचे ट्रान्स्फर पोर्ट जुळावे लागतात, कार्बोरेटरचा मेन जेट मोठा करावा लागतो, नाहीतर मिश्रण पातळ होऊन पिस्टनचा माथाच वितळतो. क्लच घसरू लागतो. ब्रेक मात्र जुनेच राहतात, आणि चेतकचे ब्रेक ज्यांनी दाबले आहेत त्यांना याहून अधिक सांगायला नको.

लहान इंजिनांची कथा याहून बोलकी आहे. १९७२मध्येच कायनेटिक इंजिनिअरिंगने पन्नास सीसीची लूना आणली. मूळ नमुना पियाज्जिओच्या चाओ मोपेडचा. १९८१मध्ये बजाजची एम-५० आली. सपाट रस्त्यावर एका माणसाला पन्नास सीसी पुरते. दुधाचे कॅन लादले, की पुरत नाही. अक्कलकुव्याहून मोलगीकडे सातपुडा चढणारा घाट डोळ्यांसमोर आणावा. त्याच्याही पलीकडे, नर्मदेकाठी मणिबेली आहे. अशा मुलखात कमाल वेगाचा आकडा निरर्थक ठरतो. कमी फेऱ्यांवर इंजिन किती ओढते, हाच प्रश्न उरतो. एकाच घडणीची दोन इंजिने असतील, तर मोठे इंजिन तोच चढ कमी धडपडीत काढते. बजाजने १९८६मध्ये एम-८० आणली ती नेमकी या गरजेवर. जे इटलीतला पोरगा किट विकत घेऊन चोरून करत होता, ते इथे कारखान्यानेच उघडपणे केले, आणि त्या गाडीने ग्रामीण महाराष्ट्रात शेतमाल, दूध, गॅसची टाकी असे काय काय वाहिले नाही!

कायदा मात्र इथेही इंजिनाच्या मापावर नजर ठेवून होता. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षांच्या मुलामुलींना पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची मुभा दिली. त्याच गाडीवर सत्तर सीसीचे किट चढवले, तर चालवणारा त्या क्षणी विनापरवाना ठरतो. या कायद्याचे कलम ५२ नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत बदलांना आळा घालते. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला : निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळा बदल मालकाला करता येणार नाही. अपघात झाला तर विम्याचा वाद उभा राहतो तो याच ठिकाणी.

आज आजोबांची चेतक पुन्हा उभी करणारे तरुण इंटरनेटवर १७७च्या किटांची छायाचित्रे पाहतात आणि मोहात पडतात. त्यांतले जाणते आधी सिलिंडर मोजून घेतात. तो ५७.५० वर असेल, तर अजून दोन ओव्हरसाइज शिल्लक आहेत.