रमी : कौशल्य आणि पण

रमीच्या डावात प्रत्येकाच्या हाती 13 पाने येतात. गड्डीतले एक पान उचलावे, नको ते टाकावे आणि एका रंगाचे क्रम वा एका किमतीचे संच जुळवावेत, एवढाच हा साधा खेळ. तरीही त्याला एकदा सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

मे 1963 मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबावर पोलिसांची धाड पडली व हैदराबादच्या जुगार कायद्याखाली खटला उभा राहिला. 22 नोव्हेंबर 1967 रोजी न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकाल दिला : रमी हा तीनपत्तीसारखा निव्वळ दैवाचा खेळ नव्हे. पडलेली पाने स्मरणात ठेवावी लागतात. कोणते पान राखावे, कोणते सोडावे, यास कौशल्य लागते. पिसण्यात दैव असते खरे, पण ते ब्रिजमध्येही असतेच.

या निकालाचा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. जागेचा मालक खेळातून नफा काढीत असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो, असेही न्यायालयाने बजावले होते. पुढे रमी मोबाइलवर आली, नफा काढणारे वाढले. आणि 2025 साली संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी करणारा कायदा केला.

आम्हांस यात विसंगती दिसत नाही. द्यूतसभेत शकुनीपाशी कौशल्य का कमी होते? प्रश्न हाताच्या कसबाचा नव्हताच. पणाला काय लागले, याचा होता.