नकाशावरचं बंद स्टेशन: दिलीप परुळकरांची सुटका, चार पावलं आधी

मागच्या भागात आपण 1971 च्या युद्धापर्यंत आलो होतो. आज एका मराठी वैमानिकाची गोष्ट: फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर.

माणूस आधीपासूनच जिद्दीचा. 1965 च्या युद्धात हंटर विमान उडवताना गोळी लागून हात जखमी झाला, तरी त्यांनी विमान परत आणून उतरवलं. मग 10 डिसेंबर 1971. त्यांचं सुखोई-7 पाकिस्तानात पाडलं गेलं, ते पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले. युद्ध आठवड्याभरात संपलं, पण हे रावळपिंडीच्या छावणीतच. सुटकेची तारीख काही ठरेना.

परुळकरांच्या डोक्यात मात्र एकच विचार, इथून निघायचं. सोबत तयार झाले मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी. आता सामान कुठून आणणार? तर जी-सूटमधल्या रबरी पिशव्या पाण्यासाठी, पॅराशूटच्या कापडाच्या पाठपिशव्या, आणि शिवणाची सुई चुंबकाने घासून होकायंत्र. जुगाडच म्हणा ना!

दिशासुद्धा उलटी निवडली. भारताची सीमा जवळ, पण तिथे सैन्य आणि सुरुंग. म्हणून पश्चिमेला, खैबर खिंडीतून अफगाणिस्तान.

12 ऑगस्ट 1972 च्या रात्री खोलीची भिंत फोडून तिघं बाहेर पडले. धुळीचं वादळ सुटलं होतं, तेही पथ्यावर पडलं. पाकिस्तानी हवाई दलातले सुट्टीवरचे लोक असल्याचं सोंग घेऊन त्यांनी पेशावरची बस पकडली. तिथून जमरूद, मग लंडी कोतल. सरहद्द आता काही मैलांवर!

इथे घात झाला. त्यांच्याजवळच्या नकाशात रेल्वेचं शेवटचं स्टेशन होतं लंडी खाना. त्यांनी तिथे जायची चौकशी केली. पण ती रेल्वे लंडी कोतलच्या पुढे 1932 सालीच बंद झाली होती! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या स्टेशनला कोण जातं? लोकांना संशय आला आणि तिघं पकडले गेले.

आपण मूर्तिजापूरकरांना हे लवकर समजतं. शकुंतलेचे रूळ आहेत, स्टेशनांची नावं तोंडपाठ आहेत, पण उद्या कोणी येऊन विचारलं, "यवतमाळची शकुंतला किती वाजता?" तर आपण म्हणू, "कुठचा हाय बाप्पा हा?" सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला जुना डेटा म्हणतो. प्रोग्राम चोख असतो, आत टाकलेली माहिती शिळी असते.

त्या भागात हेर समजून गोळी घातली जाण्याचा धोका खरा होता. परुळकरांनी डोकं शांत ठेवलं आणि एक फोन लावू द्या म्हणाले. कोणाला? पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांचे एडीसी स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद यांना. हमीद पूर्वी याच छावणीचे प्रमुख होते आणि कैद्यांशी माणुसकीने वागले होते. त्यांनी सांगितलं, हे आमचेच युद्धकैदी आहेत, त्यांना धक्का लावू नका. तिघं वाचले.

1 डिसेंबर 1972 ला ते वाघ्यावरून भारतात परतले.

मला या गोष्टीत पळण्याइतकाच तो फोन मोठा वाटतो. नकाशा चुकला, पण माणूस ओळखण्यात परुळकर चुकले नाहीत. शत्रूच्या गणवेशातल्या कोणावर विश्वास टाकता येईल, हे त्यांना कैदेतच कळलं होतं.

तुमच्या घरात, गावात 1965 किंवा 1971 मध्ये लढलेलं कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसा, ऐका, लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!